अ‍ॅजिनकोर्ट, १४१५ : फ्रेंचांचा पराभव धनुष्यांनी केला की चिखलाने?

प्रश्न : पूर्णाकाठचा वाचक, जिल्हा परभणी

२५ ऑक्टोबर १४१५ रोजी उत्तर फ्रान्समधील अ‍ॅजिनकोर्ट गावाजवळ इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री आणि फ्रान्सचे सरदार यांच्यात जी लढाई झाली, तिच्याविषयी मराठीत आणि इंग्रजीत जे मिळेल ते मी सध्या वाचतो आहे. बहुतेक ठिकाणी एकच कारण सांगितलेले असते. इंग्रजांकडे माणसाच्या उंचीचे लांब धनुष्य होते, त्यांच्या तिरंदाजांनी बाणांचा वर्षाव केला आणि चिलखत घातलेले फ्रेंच सरदार त्याखाली गारद झाले, असे ते कारण आहे. त्याच लेखांत कुठेतरी एखाद्या वाक्यात असेही लिहिलेले असते की आदल्या रात्रभर पाऊस कोसळत होता आणि ज्या शेतात लढाई झाली ते नुकतेच नांगरून त्यात हिवाळी गहू पेरलेला होता. एवढे सांगून लेखक पुन्हा धनुष्याकडे वळतो.

आमचे घर शेतीचे असल्यामुळे मला त्या वाक्यापुढे सहज जाता येत नाही. भारी काळ्या रानात पावसानंतर वापसा येण्याआधी ज्याने पाय घातला आहे, त्याला ठाऊक असते की दहा पावलांत पायाला मातीचे गोळे चिकटतात, वीस पावलांत माणूस थांबून ते काठीने खरवडू लागतो आणि बैलसुद्धा पाय उचलताना दम खातो. तशा रानातून अंगावर लोखंडी पत्र्यांचे चिलखत आणि हातात भाला घेऊन, समोरून बाण येत असताना काहीशे मीटर चालत जायचे, हे मला लढाईचे मुख्य संकट वाटते, आणि लेखांत मात्र ते तळटीपेसारखे येते.

म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. पहिला असा की या पराभवात चिखलाचा वाटा नेमका किती मानावा? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. फ्रेंच सैन्य आपल्याच मुलखात होते, संख्येने मोठे होते, आणि समोरचा शत्रू उपाशी, आजारी व परतीच्या वाटेवर होता. मग त्यांनी ते रान सोडून दुसरीकडे का गाठले नाही, किंवा दोन दिवस थांबून इंग्रजांची उपासमार का होऊ दिली नाही?

उत्तर : मृदाशास्त्राची विद्यार्थिनी, परभणी

दादा, आपला पहिला प्रश्न माझ्या विषयाचा आहे, म्हणून तेवढ्याचेच उत्तर देते.

तिथली माती आपल्यासारखी नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अ‍ॅजिनकोर्ट ज्या पठारावर आहे, तिथे खाली खडूसारखा मऊ चुनखडक आहे आणि त्यावर हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेल्या अतिशय बारीक कणांच्या मातीचा थर आहे. अशी माती कोरडी असताना भुसभुशीत व सुपीक असते, पण पाण्याने पूर्ण भरली आणि वरून तुडवली गेली की तिची बांधणी मोडते व तिचा लगदा होतो. नांगरलेल्या रानात तर वरची वीतभर माती आधीच मोकळी झालेली असते, त्यामुळे पाय खालच्या घट्ट थरापर्यंत जातो आणि तो बाहेर काढताना खाली पोकळी निर्माण होऊन माती त्याला मागे ओढते. त्यातच फ्रेंच सरदारांच्या नोकरांनी रात्रभर घोडे फिरवून जमीन आणखी तुडवल्याचा उल्लेख त्या काळच्या वृत्तांतांत आहे. म्हणजे सकाळी जे रान पुढे होते, ते केवळ भिजलेले नव्हते, तर नांगरलेले, भिजलेले आणि खुरांनी कालवलेले होते.

आता चिलखताविषयी. त्या काळचे पूर्ण चिलखत साधारण पंचवीस किलोंच्या आसपास असे, आणि ते सबंध अंगावर विभागलेले असल्यामुळे ते घालून माणूस पळू शके, घोड्यावर चढू शके. पण पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलावे लागते. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये मध्ययुगीन पद्धतीचे चिलखत घातलेल्या माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला, तेव्हा चालण्याला लागणारी शक्ती दुपटीहून अधिक भरली. छातीवर पत्रा असल्यामुळे खोल श्वासही घेता येत नव्हता, आणि माणसे उथळ व जलद श्वास घेत होती. हा प्रयोग सपाट, कोरड्या पट्ट्यावरचा होता. त्यात चिखल मिळवा, आणि बाणांच्या भीतीने शिरस्त्राणाची झडप खाली ओढलेली असल्यामुळे श्वासासाठी केवळ बारीक भोके उरली आहेत, हेही मिळवा. इंग्रजांच्या रांगेपर्यंत पोहोचलेला सरदार हातात शस्त्र धरण्याच्या स्थितीत तरी किती होता, याची कल्पना त्यावरून करता येईल.

तरीही चिखलालाच सगळे श्रेय द्यायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. चिखल दोन्ही सैन्यांसाठी तोच होता. सकाळी दोन्ही सैन्ये काही तास समोरासमोर नुसती उभी राहिली, कोणीच हलेना, तेव्हा हेन्रीने आपले सैन्य पुढे सरकवले. तिरंदाजांनी जमिनीत रोवलेले अणकुचीदार खुंट उपटले, त्याच चिखलातून ते बाणाच्या पल्ल्यापर्यंत चालत गेले आणि तिथे खुंट पुन्हा ठोकले. हलके कपडे घातलेल्या माणसांना ते जमले, ही मातीची गोष्ट झाली. पण ते चालत असताना, म्हणजे खुंट हातात आणि रांग विस्कळीत असताना, फ्रेंच घोडदळाने त्यांच्यावर झडप का घातली नाही, हे माती सांगू शकत नाही.

उत्तर : इतिहासाचे शिक्षक, अंबाजोगाई

ताईंनी जिथे थांबवले आहे, तिथूनच पुढे लिहितो, कारण मूळ प्रश्नातील दुसरा भाग आणि त्यांचा शेवटचा प्रश्न हे एकच आहेत. माझे मत आधीच स्पष्ट करतो. अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच सैन्याकडे माणसे होती, शस्त्रे होती, योग्य योजनासुद्धा होती, पण ज्याचा हुकूम सर्वांनी ऐकावा असा एक सेनापती नव्हता. चिखल आणि धनुष्य यांनी त्या उणिवेची किंमत वसूल केली.

थोडी मागची हकिकत सांगणे आवश्यक आहे. हेन्री ऑगस्ट १४१५ मध्ये सीन नदीच्या मुखाशी उतरला आणि त्याने आर्फ्लर या बंदराला वेढा घातला. बंदर २२ सप्टेंबरला शरण आले, पण तोवर हगवणीने त्याच्या सैन्याचे फार नुकसान केले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो उत्तरेकडे कॅलेकडे निघाला. हे बंदर १३४७ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. सोबत सुमारे आठ दिवसांची शिधासामग्री होती. सोम नदीच्या मुखाजवळच्या ज्या उतारावरून त्याचा पणजोबा तिसरा एडवर्ड १३४६ मध्ये पलीकडे गेला होता, तिथूनच ओलांडण्याचा त्याचा बेत होता, पण तो उतार फ्रेंचांनी अडवला होता. मग नदीच्या काठाने वर वर जात, प्रत्येक पूल मोडलेला किंवा राखलेला पाहत, अखेर १९ ऑक्टोबरला त्याला पलीकडे जाता आले. तोवर शिधा संपला होता. २४ तारखेच्या संध्याकाळी कॅलेच्या वाटेवर फ्रेंच सैन्य आडवे उभे राहिले. इथवर फ्रेंचांनी केलेले सर्व काही अतिशय कसबी होते, हे लक्षात घ्यावे. त्यांनी शत्रूला दमवले, उपाशी ठेवले आणि आपल्या सोयीच्या ठिकाणी गाठले.

पण त्या छावणीत राजा नव्हता. सहाव्या चार्ल्सला वर्षानुवर्षे वेडाचे झटके येत असत. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जॉन इंग्रजांच्या हाती कैद झाला होता, त्या आठवणीने राजा आणि युवराज या दोघांनाही रूआँ येथे मागे ठेवण्यात आले. राजघराण्यातच फूट होती. १४०७ मध्ये राजाचा भाऊ, ऑर्लियन्सचा ड्यूक लुई, याचा पॅरिसच्या रस्त्यावर खून झाला होता आणि तो आपण करवल्याचे बर्गंडीच्या ड्यूक जॉनने कबूल केले होते. १४१५ मध्ये तो जॉन लढाईला आलाच नाही. त्याचे दोन धाकटे भाऊ, ब्राबाँचा ड्यूक आणि नव्हेरचा सरदार, मात्र आले आणि दोघेही मारले गेले. खून झालेल्या लुईचा वीस वर्षांचा मुलगा चार्ल्स, नवा ऑर्लियन्सचा ड्यूक, हा छावणीतला मानाने सर्वांत मोठा माणूस होता. अनुभव होता तो कॉन्स्टेबल शार्ल दाल्ब्रे आणि मार्शल बुसिको यांच्याजवळ. हे दोघे राज्याचे सेनाधिकारी होते, पण कुळाने ड्यूकांहून खालचे होते. मार्शलने सांगावे आणि राजपुत्राने ऐकावे, अशी ती व्यवस्था नव्हती.

याचा पुरावा म्हणजे त्या मोहिमेतील फ्रेंचांची लढाईची एक लेखी योजना आज ब्रिटिश ग्रंथालयात उपलब्ध आहे. लढाईच्या काही दिवस आधी, मार्शलच्या देखरेखीखाली ती तयार झाली होती. त्या योजनेत फ्रेंच तिरंदाजांना आणि आडधनुष्यवाल्यांना पुढे, बाजूंवर ठेवायचे होते. निवडक घोड्यांवरील हजारभर स्वारांची एक तुकडी केवळ इंग्रज तिरंदाजांवर तुटून पडण्यासाठी राखायची होती, आणि दुसरी एक लहान तुकडी पाठीमागून जाऊन इंग्रजांच्या सामानावर पडायची होती. तिरंदाज हाच मुख्य धोका आहे, हे त्यांना पक्के कळले होते. १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत इंग्रजांवर घोड्यांवरून थेट चाल करून गेल्यामुळे काय झाले होते, तेही ते विसरले नव्हते, म्हणून बहुसंख्य सरदारांनी पायी लढायचे ठरवले होते.

प्रत्यक्ष लढाईच्या सकाळी या योजनेचे काय झाले? पुढच्या रांगेत उभे राहणे हा मान होता आणि तो मान सोडायला कोणी तयार नव्हता. जो तो सरदार आपला ध्वज घेऊन पहिल्या रांगेत शिरला. तिरंदाज आणि आडधनुष्यवाले मागे ढकलले गेले आणि दिवसभर त्यांचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. बाजूंच्या घोडदळातले कित्येक स्वार जागेवर नव्हते. सकाळी बराच वेळ काही न घडल्यामुळे कोणी घोडा फिरवायला गेले होते, कोणी शेकत बसले होते. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. इंग्रज पुढे सरकले तो क्षण फ्रेंचांचा होता, पण तो ओळखून त्याच क्षणी हुकूम देणारा आणि तो हुकूम पाळणारे, दोन्ही नव्हते.

बाण सुटू लागल्यावर घोडदळ निघाले, पण ते ठरल्याहून फार कमी होते. दोन्ही बाजूंना अ‍ॅजिनकोर्ट आणि त्रामकूर इथली दाट झाडी असल्यामुळे त्यांना वळसा घालता आला नाही, सरळ खुंटांच्या तोंडावर जावे लागले. सरदारांनी स्वतःला लोखंडात मढवले होते, पण घोड्यांची बाजू व पुठ्ठा उघडे होते. बाण लागलेले घोडे उधळले, मागे वळले आणि पायी चालत येणाऱ्या आपल्याच पहिल्या रांगेत घुसले. त्या पहिल्या रांगेला झाडीच्या दोन कडांमध्ये पाऊण ते एक किलोमीटरचीच जागा होती आणि पुढे ती अरुंद होत जात होती. मागून दुसरी फळी ढकलत येत होती. पुढचा माणूस चिखलात पडला की मागचा त्याच्यावर पडत होता, आणि पडलेल्याला उठायला जागाच नव्हती. कित्येक जण एकाही जखमेशिवाय, केवळ दबून आणि गुदमरून मेले. याच गर्दीत इंग्रज तिरंदाज धनुष्ये टाकून, खुंट ठोकायचे हातोडे, कुऱ्हाडी आणि तलवारी घेऊन बाजूंनी शिरले. हाताला मोकळी जागा आणि पायाला हलकेपणा त्यांच्याकडेच होता.

थांबून उपासमार का करू दिली नाही, असे आपण विचारले आहे. सकाळचे ते काही तास फ्रेंच थांबलेच होते, आणि आणखी कुमक येत होती म्हणून थांबणे त्यांच्या हिताचेही होते. ब्राबाँचा ड्यूक तर लढाई सुरू झाल्यावर धावत पोहोचला. त्या थांबण्याचा शेवट कधी करायचा, हे हेन्रीने ठरवले आणि फ्रेंचांनी ते त्याला ठरवू दिले.

उत्तर : निवृत्त लेखापाल, लातूर

शिक्षक महोदयांचे विवेचन मला पटते, पण मूळ प्रश्नात "संख्येने मोठे" असे जे गृहीत धरले आहे, त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. आयुष्यभर वेतनपटांशी संबंध आल्यामुळे या लढाईतील हाच भाग मला सर्वांत जवळचा वाटतो.

हेन्रीच्या सैन्याबरोबर असलेल्या एका पाद्र्याने लिहिलेला वृत्तांत उपलब्ध आहे. तो लढाईच्या वेळी मागे सामानाजवळ होता. त्याने इंग्रजांची संख्या सहा हजारांच्या आत आणि फ्रेंचांची साठ हजार दिली आहे. एकास दहा हे प्रमाण तिथून पुढे शतकानुशतके सांगितले गेले. सर वॉल्टर हंगरफोर्ड याने आणखी दहा हजार तिरंदाज असते तर बरे झाले असते, असे म्हटल्यावर राजाने त्याला, देवाने दिलेली ही मूठभर माणसेच पुरेशी आहेत, अशा अर्थाचे उत्तर दिले, हा प्रसंगही त्याच वृत्तांतात आहे. आपल्या राजावर देवाची कृपा होती, हे सिद्ध करणे हाच त्या पाद्र्याचा हेतू होता. शत्रू जितका मोठा, तितकी कृपा मोठी.

याउलट इंग्लंडच्या खजिन्याच्या नोंदी कोणताही हेतू बाळगत नाहीत. त्या मोहिमेत प्रत्येक नायकाशी राजाचा लेखी करार झाला होता. करारात किती माणसे आणायची, त्यांत चिलखतधारी किती, तिरंदाज किती, हे लिहिलेले असे, आणि साधारणपणे एका चिलखतधाऱ्यामागे तीन तिरंदाज असे प्रमाण होते. साध्या चिलखतधाऱ्याला दिवसाला बारा पेन्स आणि तिरंदाजाला सहा पेन्स मिळत. पहिल्या तिमाहीचे वेतन रोख मिळाले. दुसऱ्या तिमाहीसाठी राजाने आपले जडजवाहीर नायकांकडे तारण ठेवले. आर्फ्लरला आजारी पडून घरी पाठवलेल्यांच्या याद्या आहेत आणि त्या बंदरात ठेवलेल्या ३०० चिलखतधारी व ९०० तिरंदाजांचीही नोंद आहे. या कागदांची बेरीज-वजाबाकी करून अ‍ॅन करी या इतिहासकार बाईंनी असे मांडले आहे की लढाईच्या दिवशी हेन्रीकडे सुमारे साडेआठ ते नऊ हजार माणसे होती आणि फ्रेंचांकडे सुमारे बारा हजार. इतर अभ्यासक फ्रेंचांचा आकडा याहून बराच वर नेतात, कारण फ्रेंच बाजूची कागदपत्रे इतकी पूर्ण नाहीत आणि चिलखतधाऱ्यांबरोबरचे नोकर मोजायचे की नाही यावर एकमत नाही. माझा कल वेतनपटांकडे आहे. पैसे मोजून दिलेल्या माणसांची यादी ही पराक्रमाच्या वर्णनापेक्षा अधिक विश्वसनीय असते.

ही संख्या मान्य केली तर शिक्षक महोदयांचा मुद्दा अधिकच बळकट होतो. बारा हजारांना एका किलोमीटरच्या आतल्या जागेत कोंबले, तर त्यांतले लढू शकणारे केवळ पुढचे काही हजार. संख्येचा फायदा त्या रानात शिरताच संपला, उरला तो संख्येचा दाब.

पुन्हा प्रश्नकर्ता : पूर्णाकाठचा वाचक

तिन्ही उत्तरे मी सावकाश वाचली. आता माझ्या मनात उलटी शंका उभी राहिली आहे. गर्दी, चिखल आणि बेशिस्त यांनीच हे केले असेल, तर धनुष्याचे काम काय उरले? चिलखतातून बाण आरपार जात होते की नव्हते? शिवाय कैदी मारल्याचा जो उल्लेख येतो, त्याविषयीही कोणी लिहावे.

उत्तर : एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

धनुष्याचे काम फार मोठे होते, पण ते बहुधा आपण समजतो तसे नव्हते. १५४५ मध्ये बुडालेले आणि १९८२ मध्ये वर काढलेले 'मेरी रोज' हे इंग्लंडचे युद्धनौका-जहाज या बाबतीत सर्वांत मोलाचे साधन आहे. त्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. धनुष्ये यू वृक्षाच्या लाकडाची, साधारण दोन मीटर लांब होती, आणि ती ओढायला लागणारा जोर अंदाजे ४५ ते ८० किलोंच्या दरम्यान होता. ही धनुष्ये अ‍ॅजिनकोर्टच्या १३० वर्षांनंतरची आहेत, परंतु घडण तीच आहे. असे धनुष्य ओढणारा माणूस एका हंगामात तयार होत नाही. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सुटीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव करण्याचा हुकूम काढला होता, आणि अ‍ॅजिनकोर्टचे तिरंदाज अशा दोन पिढ्यांच्या सरावातून आलेले होते.

इतक्या जोराचा बाणही उत्तम पोलादी छातीपत्र्यातून क्वचितच आत जाई. तो सांध्यात, काखेत, झडपेच्या फटीत किंवा हलक्या पत्र्यात घुसे. पण मारणे हे बाणांचे एकमेव काम नव्हते. बाणांनी घोडे उधळवले. बाणांनी सरदारांना झडपा खाली ओढायला आणि मान वाकवून चालायला लावले. बाजूंनी बाण येत असल्यामुळे माणसे मध्याकडे सरकू लागली आणि गर्दी आणखी दाट झाली. सुरुवातीला तर फ्रेंचांना जागेवरून हलवले तेही बाणांनीच. धनुष्य नसते, तर फ्रेंच चिखलात उतरलेच नसते, असे मी म्हणेन.

आपल्या भागातला एक दाखला इथे देण्याजोगा आहे. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या छावणीत पाणी व चिखल केला आणि मग संख्येने भारी असलेल्या त्या फौजांना गाठले. त्याच लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले. मलिक अंबरने चिखल स्वतः घडवला आणि शत्रूला त्यात सापडवले. हेन्रीला तो पावसाने दिला, परंतु शत्रूला त्यात उतरायला भाग पाडणे हे दोघांनाही करावेच लागले. जमीन कुणाच्या बाजूने लढेल, हे अशा वेळी सेनापती ठरवतो.

आता कैद्यांविषयी. फ्रेंचांच्या पहिल्या दोन फळ्या मोडल्यानंतर इंग्रजांच्या हाती शेकडो कैदी होते. खंडणीसाठी जिवंत सरदार फार मोलाचा असे. त्याच सुमारास स्थानिक सरदार इझाँबार दाझँकूर याने काही स्वार आणि गावकरी घेऊन पाठीमागच्या सामानावर धाड घातली आणि राजाचा एक मुकुटही पळवला. समोर तिसरी फळी अजून घोड्यांवर उभी होती, तिच्यात हालचाल दिसली, आणि हेन्रीने कैदी मारण्याचा हुकूम दिला. चिलखतधारी तो पाळायला नाखूश होते, म्हणून एका अधिकाऱ्याबरोबर २०० तिरंदाज देऊन ते काम करवले गेले. तिसरी फळी माघारी वळल्यावर ते थांबले. त्या काळच्या फ्रेंच लेखकांनीही हेन्रीपेक्षा धाड घालणाऱ्यांनाच अधिक दोष दिला, हे खरे आहे. तरीही शस्त्र खाली ठेवून शरण आलेल्या माणसांना मारणे हे त्या काळच्या नीतीतही गैरच होते, आणि या विजयाचे वर्णन करताना ती गोष्ट दोन शब्दांत उरकणे मला योग्य वाटत नाही. वाचलेल्यांमध्ये ऑर्लियन्सचा ड्यूक चार्ल्स होता. तो प्रेतांच्या ढिगाखाली सापडला, पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये कैदेत राहिला आणि तिथे त्याने केलेल्या कविता आजही फ्रेंच साहित्यात मानाने वाचल्या जातात. मार्शल बुसिको इंग्लंडमध्येच, कैदेत, १४२१ मध्ये वारला. कॉन्स्टेबल रणांगणावरच पडला होता.

उत्तर : इतिहासाचे शिक्षक, अंबाजोगाई

प्रश्नकर्त्यांची उलटी शंका तपासायची असेल, तर चिखल नसलेल्या दोन लढाया पाहाव्यात.

१७ ऑगस्ट १४२४ रोजी व्हर्नय येथे हेन्रीचा भाऊ, बेडफर्डचा ड्यूक, फ्रेंच आणि स्कॉटिश सैन्याविरुद्ध लढला. ऐन उन्हाळा होता आणि जमीन इतकी टणक झाली होती की तिरंदाजांना खुंट नीट ठोकता आले नाहीत. लोंबार्डीहून भाड्याने आणलेल्या, घोड्यांसकट लोखंडात मढवलेल्या स्वारांनी तिरंदाजांची रांग फोडली आणि ते थेट पाठीमागे सामानापर्यंत गेले. इथे फ्रेंच बाजूने १४१५ च्या योजनेतील काम करून दाखवले होते. पण ते स्वार लुटीत गुंतले आणि परत वळले नाहीत, इंग्रज पायदळ मात्र जागेवर टिकून राहिले व त्यांनी दिवस जिंकला. म्हणजे इंग्रजांना जिंकण्यासाठी दर वेळी चिखल लागत नव्हता, शिस्त लागत होती.

दुसरी लढाई पाते येथील, १८ जून १४२९ ची. ऑर्लियन्सचा वेढा जोन ऑफ आर्कच्या आगमनानंतर उठला होता आणि टॅलबट व फास्टॉल्फ यांच्या हाताखालील इंग्रज सैन्य मागे हटत होते. तिरंदाज खुंट रोवण्याच्या तयारीत असताना त्यांच्यातून एक हरिण उठले, त्यांनी आरडाओरडा केला आणि तेवढ्याने फ्रेंच टेहळ्यांना त्यांची जागा कळली. ला इर आणि झँत्राय यांच्या आघाडीच्या घोडदळाने वरिष्ठांची, मानाची किंवा मुख्य सैन्याची वाट न पाहता तत्काळ चाल केली. तेच धनुष्य, तेच तिरंदाज, पण खुंट नाहीत आणि रांग नाही. थोड्याच वेळात ते मोडले आणि टॅलबट स्वतः कैद झाला. १४१५ च्या त्या सकाळी, खुंट उपटून चिखलातून पुढे येणाऱ्या इंग्रजांवर जी चाल व्हायला हवी होती, ती हीच होती.